सातव्या खुंटाची हजेरी

८ जुलै २०२४, सोमवार
महाडहून निघालो तेव्हा उघडीप होती. पोलादपूरला चहा घेतला आणि पुढची सगळी चढण वाडीतल्या महादूच्या मोटारसायकलवर, त्याची कंबर घट्ट धरून. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा कामावर रुजू. मुक्काम बंद पडलेल्या अंगणवाडीत. भिंतीवर अजून कमळ, खटारा, गवत आहे. मोठ्याने वाचून काढलं आणि खोली आपली वाटू लागली.

काम सोपं आहे. वाडीच्या वर डोंगराला भेग गेली आहे. तळीये दरडीखाली गेल्यापासून इथं कोणी डोंगराकडे पाठ करून जेवत नाही. वाडीचे जाणते कुशाबा, त्यांनी भेगेच्या कडेने बांबूचे अकरा खुंट ठोकलेत. चुन्याने रंगवलेले, त्यांवर डांबराने आकडे. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत दर अर्ध्या तासाने ते दुर्बिणीतून पाहायचे आणि वहीत नोंद करायची. एक जरी हलला तर पडवीत टांगलेला रुळाचा तुकडा बडवायचा. रात्री सगळी वाडी खालच्या गावच्या शाळेत निजते, पण दिवसा लावणी सोडून कोण बसणार? माणसं अठ्ठ्याहत्तर.

कुशाबा म्हणाले, पोरं बसवली तर मोबाईलात बघत्यात. तुम्ही मास्तर हाव, तुम्ही समोर बघाल.

९ जुलै
नुसतं बघत राहिलं की नजर सुस्तावते. डोळे उघडे असतात आणि मन कुठल्यातरी कवितेच्या बांधावर जाऊन बसतं. त्यावर उपाय सापडला. खालच्याच शाळेत मी मास्तर होतो, ८९ साली, आणि चौथीच्या पटावर नेमकी अकरा मुलं होती. प्रत्येक खुंटाला एकेक नाव दिलं. पहिला चांगू, दुसरी शर्मिला, असं करत सातवी उज्वला. नाव घ्यायचं, बघायचं, ‘ह’ लिहायचा.

दुपारी मैनाबाई भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या. मला पुटपुटताना ऐकून म्हणाल्या, काय गुरुजी, खुंटांनाबी छडी दावता का? उज्वला त्यांची मुलगी. सातव्याचं नाव मी त्यांना सांगितलं नाही.

११ जुलै
फजिती झाली. धुक्यात तीन खुंट दिसेनात म्हणून रूळ बडवला. बायका हातातली रोपं टाकून धावल्या. कुशाबांची म्हातारी आई निसरड्यात पडली, मनगट मोडलं. धुकं सरलं तर अकराही जागेवर. वाडीतला भागोजी म्हणाला, आज तुमच्या वर्गाला सुट्टी होती वाटतं. सगळे हसले. कुशाबा हसले नाहीत. आता आधी वहीत ‘गैरहजर’ लिवा, मग बडवा, म्हणाले. लिवताना माणूस नीट बघतो.

हे ते कोणाला सांगत होते, त्यांना ठाऊक नाही.

१३ जुलै
कधीतरी कागदावर यायलाच हवं.

८९ सालच्या त्या सकाळी पावसाची कविता शिकवायची होती. ओळ ओठांवर घोळत होती आणि हात आपोआप चालला होता, ह, ह, ह. उज्वला रोज त्याच खिडकीशी बसायची. ती तिथं आहे असंच मला दिसलं. जागा रिकामी असल्याचं मधल्या सुट्टीनंतर लक्षात आलं, पण पटावर खाडाखोड नको म्हणून तसंच ठेवलं. संध्याकाळी मैनाबाई शोधत आल्या. शाळेत आली होती ना, विचारलं. मी पट उघडून दाखवला.

ओढ्यात सापडली. मुठीत उंबराचं मूळ होतं, तळहात सोललेले. शाळेतून येताना घसरली असं अजूनही सगळे धरून चालतात. ती सकाळपासून धरून होती, हे फक्त मला माहीत आहे.

१६ जुलै
चार दिवस पाऊस. अकरा हजर. वाऱ्याने बाकीचे थरथरतात. सातवा अजिबात हलत नाही. सगळ्यात शहाणा.

१७ जुलै
महादूने ओढ्यात सापडलेला बांबू आणला. चुना धुऊन गेलेला, चिखलाने भरलेला. त्यावर डांबराने ७. वर सगळे हायत ना, त्याने विचारलं. मी दुर्बीण लावली, मोजले. अकरा. मग जुना असंल, म्हणाला आणि बांबू टाकून चिखलणीला गेला.

पुन्हा पाहिलं. काच पुसून पाहिलं.

सातव्याला दोन वेण्या आहेत.

१८ जुलै, सकाळ
नाव घेतो. तिचे ओठ हलतात. इतक्या लांबून आवाज येणं शक्य नाही, पण — हजर. आणि हात ‘ह’ लिहितो. ‘गै’ लिहायला घेतो आणि ‘ह’ होतो. तीनदा झालं. खुंट पडून किती दिवस झाले — भेग किती —

माझ्यासाठी उभी आहे का? खाडाखोड नको म्हणून?

दुपार
मैनाबाई भाकरी घेऊन आल्या. सांगितलं. सगळं, ८९ पासून. त्या बराच वेळ भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत राहिल्या. सुटेना. मग उठल्या आणि रूळ त्यांनीच बडवला.

माणसं जमली. कुशाबांनी वही मागितली. पानामागून पान ‘ह’. भागोजी काही बोलणार होता. मैनाबाई म्हणाल्या, ह्या मास्तरच्या वहीवर म्या एकदा इश्वास ठेवलाय. चला.

उतरताहेत. कुशाबांची आई डोलीत. मैनाबाई शेवटी — वळून हाका मारताहेत, गुरुजी, चला —

ती अजून वर उभी आहे. तिला हजर ठेवून कसा जाऊ.

आता हलली. चालत येतेय. बाकीचे दहाही तिच्या मागून — झाडंसुद्धा — तळहात पुढे केलेत —

मैनाबाई वळणापलीकडे गेल्या. बरं झालं.

क्र. ७. उज्वला. गैरह