सूर कोणाचा हलला होता

प्रिय भोंग्या,

दुपारपासून चारदा लिहायला बसलो आणि पाचदा उठलो. म्हातारपणी पायाला भिंगरी लागली, म्हणून घरची मंडळी हसतात.

आपला बँड पुन्हा उभा राहतोय. मागे कुठली रेकॉर्ड कंपनी नाही. पूर्वीसारखंच, आपलं आपण. जुनीच गाणी पुन्हा बसवतोय. ड्रमर कवळी सांभाळत सात मात्रा वाजवतो आणि माझ्या सिंथेसायझरला ‘तुझी म्हातारी’ म्हणतो. गायला मात्र कोणी नाही. तीन पोरं ऐकली. गळे गोड, पण शब्द गिळतात.

तू शब्द गिळले नाहीस कधी. शाळेत गुरुजी टेबलावर डस्टर आपटत भुजंगप्रयात शिकवायचे आणि तू कविता अशी म्हणायचास, की शेजारचा वर्ग गप्प व्हायचा. त्याच वृत्तात मी आपलं शेवटचं गाणं लिहिलं. ओळीत अक्षरं बारा, खाली ताल सातचा. हे काय लंगडं घोडं आणलंस, म्हणालास, आणि पहिल्याच फटक्यात गायलास!

तुझा आवाज नुसत्या बेस गिटारच्या साथीवर आधी टेप झाला. मग मी वरून सिंथ भरला आणि सगळं एकमेकांना खायला उठलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, भोंगा बेसूर झालाय. तू हेडफोनची वायर नीट गुंडाळलीस, स्टुलावर ठेवलीस आणि गेलास. गाणं डब्यात गेलं.

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या लेकीनं ती टेप कॉम्प्युटरवर चढवली. एकेक वाद्य सुटं ऐकवलं. नुसता तू आणि बेस, अगदी स्वच्छ. माझा सिंथ आला की कालवाकालव. बाबा, हललेले तुम्ही आहात, म्हणाली. ते यंत्र तापेपर्यंत सूर सरकत राहतो, अर्धा तास थांबावं लागतं. मी घाईत थंडच वाजवलं होतं. आणि खरं सांगू? शंका मला दुसऱ्याच दिवशी आली होती. मी ती तपासली नाही. चाळीस वर्षं तपासली नाही.

पत्र लिहायचं कारण एवढंच. रविवारी सकाळी सगळ्यांना तालमीला बोलावलंय. बोललो सगळ्यांसमोर होतो, तेव्हा शब्द मागे घेणार तोही सगळ्यांसमोर. तू आलास तरी, न आलास तरी. पण आलास तर आधी तू सूर लाव. यंत्र मी तुझ्यावर मिळवून घेईन.

तुझाच,
सिंथवाला