चाळीस घोड्यांचे पाय

पुणे, १२ जानेवारी

ती. माईस, धाकट्या भावाचा, मुरलीधरचा सादर नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. माझी प्रकृती ठीक असून जेवणही वेळेवर होते, काळजी नसावी. वर्ध्याला केव्हा परतणार, असे तू विचारलेस. रविवारचे तिकीट काढले होते.

अनघाचा तबेला अखेर पाहिला. नऊ वर्षांपूर्वी इतरांनी नाकारलेले तीन घोडे घेऊन तिने सुरुवात केली, तेव्हा "शर्यतीचे घोडे तयार करणे हे काय मुलीचे काम?" असे मीच म्हणालो होतो. मालती दरवर्षी लेकीकडे येत असे. मी मात्र पहिल्यांदा आलो तो तिच्या निधनानंतरच. आज तेथे चाळीस घोडे आहेत.

संख्या वाढली, तरी पद्धत तीच आहे. रोज पहाटे प्रत्येक घोड्याच्या चारही पायांवरून अनघा स्वतः हात फिरवते. पाय गरम लागला, म्हणजे आतून दुखावल्याची शंका आली, तर मालक कितीही रागावोत, तो घोडा त्या दिवशी धावत नाही. तेथे घोड्यांची निगा राखणारे जुने साईस दत्तोबा मला म्हणाले, "बाई घोड्याचे पाय बघतात, आम्ही बाईंचं तोंड बघतो."

काल चाळिसावा घोडा तपासून झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझ्या गुडघ्यावर तळहात ठेवला.

"बाबा, गरम लागतोय. रविवारी प्रवास नाही."

"मी घोडा नाही."

"घोडे ऐकतात तरी!"

मालती गेल्यापासून मला कोणी असा हात लावला नव्हता. गुडघा मुळीच दुखत नाही, हे मी अनघाला सांगितले नाही. तिकीट रद्द केले आहे.

तुझा खोकला कसा आहे? औषध चुकवू नकोस.

तुझा,
मुरलीधर