आतून उघडणारी झडप

मोटुएका, २६ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

मागच्या पत्रातलं एक वाक्य चुकलं आहे, ते आधी दुरुस्त करते. बसला आग लागली त्या दिवसाबद्दल मी लिहिलं होतं, 'आई बस वाचवायला आत थांबली.' ते खरं नाही. आई थांबली नव्हती. तिला बाहेर पडता येत नव्हतं.

आपण बसमध्येच राहायचो आणि तिथल्या घडीच्या टेबलावर तू मला शिकवायचास, तेव्हा खोडरबर ठेवत नसायचास. चुकलेलं उत्तर तसंच राहू द्यायचं, शेजारी बरोबर लिहायचं आणि कुठे चुकलं ते एका ओळीत सांगायचं. दहा वर्षांची होईपर्यंत दुसरी शाळा मला ठाऊक नव्हती, म्हणून ती सवय अजून आहे. तर कुठे चुकलं: मी तेव्हा बाहेर चिखलात उभी होते, आत काय झालं ते मी पाहिलं नव्हतं, तुझ्याकडून ऐकलं होतं.

इकडे सफरचंदांची तोडणी सुरू झाली आहे. बस बागेच्या मागच्या कुरणात उभी आहे, शेजारी आपल्या मेळाव्यातल्या वॅलची बस. तू किल्ली देताना म्हणाला होतास, "पोरी, आत काय वाटेल ते कर, छताला हात लावू नकोस." मला हवा होता तो फक्त टेबलाच्या वर, छतात एक झरोका. भर दुपारी मोजायच्या टेपवरचे आकडे वाचायला दिवा लावावा लागतो, बाबा. मी अकरा वेळा मोजलं, पुठ्ठ्याचा नमुना कापून छताला चिकटवला, दोन दिवस त्याच्याकडे नुसती बघत बसले. कापताना छताची लोखंडी कमान मध्ये येऊ नये म्हणून आतल्या फळ्या काढायला घेतल्या. टेबलाच्या वरच्या दोन काढल्या की पुरे होतं. पण मागच्या कमानी तेवढ्याच अंतरावर असतील याची मला खात्री वाटेना, म्हणून काढत काढत पार पलंगापर्यंत गेले.

तिथे, तुमच्या पलंगाच्या बरोबर वर, एक चौकट निघाली. बिजागरी होती, लाल मूठ होती. ही बस शाळेची होती तेव्हा संकटात मुलांना बाहेर पडता यावं म्हणून ठेवलेली झडप. बाहेरून छतावर चढून पाहिलं तर त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, चारी बाजूंनी रिव्हेट ठोकून पक्का बसवलेला. रिव्हेट सगळे एका रेषेत. काम तुझंच, विचारायची गरज पडली नाही.

वॅल चहाचा मग घेऊन आत आली, वर बघितलं आणि म्हणाली, "तुझा बाप अजून सांगत असतो ना, माझं छत कोरडं म्हणून? शवपेटीही आतून कोरडीच असते गं."

मी तिच्यावर चिडले. तू हे मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. आपल्या बसमध्ये राहणाऱ्या लोकांत छत गळणं म्हणजे नाक कापणं. मेळाव्यात पाऊस उघडला की सगळे बाप्ये कप हातात घेऊन या बसमधून त्या बसमध्ये फिरायचे, आणि तू म्हणायचास, "फिरव हात, कुठे ओल लागली तर बस तुझी." त्या झडपेतून एकदा उशीवर पाणी टपकलं असेल आणि तू ती बंद केलीस. मागचं दार पलंगाने आधीच अडवलेलं होतं. वॅलने स्वतःच्या बसमध्येही हेच केलं होतं, तिने ते कबूल केलं. पण तिने पत्रा कधीच काढून टाकला.

मग तू क्लबात गेलेला असताना मी आईला फोन केला आणि झडपेबद्दल विचारलं. तिच्याकडे किटलीची शिटी वाजत होती. ती बंद करून आली आणि म्हणाली, "तुला खिडकीतून बाहेर काढलं, मग मी त्यातच घुसले. खांद्यापर्यंत गेले, फर्न. पुढे जाईना." दारापाशी शेगडी, शेगडीजवळ पेटलेला पडदा, आणि खिडक्यांची फक्त वरची अर्धी काच सरकणारी. ती परत आत वळली ती बसच्या प्रेमाने नाही. तिच्यापुढे दुसरं काही उरलं नव्हतं. भांडी घासायचं पाणी आणि ओल्या चादरी घेऊन तिने आग विझवली. लांब बाह्यांशिवाय ती का राहत नाही, ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

मी विचारलं, बाबाला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तो नदीवरून मासळीचं जाळं टाकून धावत आला. तुला उचललं, मला बघितलं, आणि मग छताकडे बघून म्हणाला, छत शाबूत आहे. त्यावर मी काय सांगायचं होतं?"

रविवारी तू फोनवर म्हणालास की छताला भोक पाडलं तर बस परत नेशील, कागद अजून तुझ्या नावावर आहेत. आहेत. मी निजायच्या आधी गॅसची चावी तीनदा तपासणारी मुलगी आहे, आणि तुला वाटलं एवढ्यावर मी गप्प बसेन. मला भीती वाटते, ते मी लपवत नाही. पण कापणार. झरोका दोन कमानींच्या मध्ये बसेल, कडा बोटभर उंच ठेवणार म्हणजे पाणी साचणार नाही, खाली चिकट पट्टी वॅलने सांगितलेली. आणि झडपेवरचा पत्रा निघणार. एवढं करूनही टपकलं तर खाली भांडं ठेवीन, आणि मेळाव्यात कुणी हात फिरवायला आलं तर तेच भांडं त्याच्या हातात देईन.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. फोन ठेवताना आईने विचारलं, "ती मूठ फिरते का गं अजून?" मी तेल घालून बघितली. फिरते. आईला कळवलं तर म्हणाली, "पत्रा काढलास की मी येते. तोडणी संपेपर्यंत तिथेच राहीन, माझ्या पलंगावर." सतरा वर्षं तू लोकांना सांगत आलास की बायकोला पक्क्या घराच्या भिंतींची हौस आली म्हणून रस्ता सुटला. तिला भिंती नको होत्या, बाबा. तिला त्या छताखाली झोप येत नव्हती. हे तिने तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मी तिला विचारून सांगते आहे, कारण चुकलेल्या उत्तराशेजारी बरोबर उत्तर लिहायचं असतं, आणि हे उत्तर माझं एकटीचं नव्हतं.

बस न्यायची असेल तर पत्रा निघायच्या आधी ये. रिव्हेट काढायला यायचं असेल तर तुझं ड्रिल घेऊन ये, शिड्या दोन आहेत. काहीच नाही केलंस तरी पहिला रिव्हेट निघेल शनिवारी, सात मार्चला, सकाळी नऊ वाजता.

तुझीच,
फर्न