पुरवणी पेन्शनसाठी पुन्हा तोच नवरा

३ मार्च, सकाळ
आज मी फार खुशीत! खाणीच्या फंडातून पुरवणी पेन्शन सुरू होतेय. सरकारी आहे ती आहेच, ही वरची. निवृत्त कामगाराला हिस्सा, त्याच्या निम्मा बायकोला, तोही थेट बायकोच्या खात्यात. माझ्या नवऱ्याचा, म्हाताऱ्याचा, हात पोचायचा नाही. पहिला हप्ता आला की मी निघाले लेकीकडे, मैराकडे, अल्माटीला. बसू दे याला इथं. मेल्याला मीठ कुठं असतं तेही ठाऊक नाही.

५ मार्च
फंडाच्या ऑफिसात लग्नाचा दाखला मागितला. आणू कुठून? सोव्हिएत काळात दोन फ्लॅट मिळतील म्हणून कागदोपत्री घटस्फोट घेतलेला. निम्म्या गल्लीनं घेतला होता. बाकीच्यांनी परत लग्नं लावली, आमचं राहून गेलं. फ्लॅट मिळाला एकच. अक्कल म्हाताऱ्याची, दुसरं काय! असो. परत लग्न करू.

६ मार्च
म्हातारा म्हणतो, मी सुटलेलोच होतो हे विसरलोच की! मी म्हटलं, सुटलेल्याला तीन वेळा गिळायला कोण घालतं? म्हणतो, विचार करून सांगतो. जन्मात केला नाही, तो आता करणार.

२३ मार्च
नौरोझच्या सणाला घोड्याच्या मांसाचं बेशबर्माक खायला घातलं. तयार झाला. माझ्या शब्दाबाहेर नाहीच तो. शेजारीण शोल्पान म्हणते, आपा, आधी नियम तरी नीट विचारा. जळते मेली.

१६ एप्रिल
झालं लग्न! मखमली कोट घातला होता. नोंदणी कचेरीतल्या बाईंनी विचारलं, स्वखुशीनं? म्हातारा म्हणाला, खुशी कसली, फंडासाठी. सगळे हसले. हसोत. पुढच्या आठवड्यात मी अल्माटीत.

१७ एप्रिल, दुपार
फंडाच्या ऑफिसातली खिडकीवरची पोरगी म्हणाली, आपा, नवरा निवृत्त झाला त्या दिवशी जी बायको होती, हिस्सा तिलाच. मग विचारते कशी, तुम्ही खाणीच्या धोबीखान्यात होतात ना? एकट्या निवृत्त बाईला स्वतःच्या नावावर पुरवणी मिळते. परवा आला असतात तरी दिली असती.

संध्याकाळ
म्हाताऱ्याला म्हटलं, चल, उद्याच घटस्फोट घेऊ. म्हणतो, सही देणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी एवढं मागं लागून माझ्याशी लग्न केलंय, आता मी नाही सोडत.