बिजलीची दोरी

अंजनगाव सुर्जी,
ता. २६ फेब्रुवारी १९६१

तीर्थरूप बाबांस,

मैनाचा सविनय जयभीम. (शाळेत आम्हाला ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ जोडीनं शिकवले होते. नमस्कार मी काढला. तीर्थरूपाचं काय करायचं ते कुणाला विचारावं समजेना, म्हणून सध्या ठेवलं आहे.) तुमची तब्येत कशी आहे? अकोल्याच्या जिनात सरकी काढताना कापूस नाकात जाऊन खोकला येतो असं मागच्या पत्रात होतं, तेव्हा तोंडाला फडकं बांधत जावं. गुडघ्याला आईनं सांगितलेलं तेल लावता की शिंकाळ्यात ठेवून रोज नुसतं बघता, तेही कळवावं. आई बरी आहे. काकू बरी आहे. तिची जाई बरी आहे. बिजली घोडी तर फारच बरी आहे. मीही बरी आहे असं धरून चालावं.

पत्र वाचून दाखवणारे ओमप्रकाशभाऊ यांनाही नमस्कार. भाऊ, तुम्ही जिनातले काटेवाले, दिवसभर कापूस तोलता, तेव्हा माझं म्हणणंही नीट तोलाल असा विश्वास वाटतो. एक विनंती आहे. मी जिथं जिथं कंस घालीन तिथलं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवू नये. मनात वाचावं, ठसका लागल्यासारखं करावं आणि पुढं जावं. वरचा तीर्थरूपाचा कंस वाचून झाला असेल तर तो गेला, पुढचे सांभाळावेत. जाई आता विचारते आहे की या कमानी कशाच्या काढते आहेस. ती समोर तूर पाखडत बसली आहे. तिला सांगितलं, हे कंस, जे सगळ्यांसमोर बोलायचं नसतं ते यांच्यात ठेवतात.

तर जनावरांचं प्रदर्शन मंगळवारी पार पडलं. तुमचा निरोप आम्हाला पोचला होता: औंदा गुडघ्यामुळं भीमजयंतीच्या मिरवणुकीत बिजलीपुढं तुमच्यानं चालवणार नाही, तेव्हा दोघींपैकी जी प्रदर्शनात बिजलीला नेईल तिनंच जयंतीलाही दोरी धरावी, आपसात ठरवा, भांडू नका. आम्ही भांडलो नाही. (भांडायला जाईला वेळच नव्हता. ती बिजलीचा खरारा करत होती. दिवाळीनंतर तुम्ही अकोल्याला निघालात तेव्हा दोरी जाईच्या हातात दिलीत आणि म्हणालात, “मैनाचे हात पाटीचे हायेत, त्याईले लीद नोको लागू देजो.” बाबा, सात वर्षं शाळेत गेले त्याची ही शिक्षा का? घरात पहिली शिकलेली म्हणून मला गोठ्यात जायची मनाई, आणि जाई शाळेत गेली नाही म्हणून तिला बिजलीच्या पाठीवर बसवून तुम्ही पथ्रोटच्या बाजारापर्यंत नेलंत. मला कुठंही नेलं नाहीत. मला पुस्तक आणून दिलंत. पुस्तकावर बसता येत नाही.)

प्रदर्शनाला यंदा तरुणांसाठी घोडी-तट्टवांचा वेगळा गट ठेवला होता. समितीचे चिटणीस नत्थुजी मी शिकवते त्या शाळेत आले आणि कुठूनसा आलेला इंग्रजी नियमांचा कागद हेडमास्तरांपुढं ठेवून म्हणाले, याचं मराठी करून मोठ्या अक्षरात फलकावर लिहून द्या. हेडमास्तरांनी तो माझ्याकडं दिला, कारण माझं अक्षर वळणदार आहे आणि मी नाही म्हणत नाही. बाबा, तो कागद कुण्या देशचा होता देव जाणे (ही म्हण आहे, श्रद्धा नव्हे). त्यात लिहिलं होतं की घोडा दाखवणाऱ्यानं टोपी, गळपट्टा, हातमोजे आणि चकचकीत बूट घालावेत, मुलींचे केस जाळीत असावेत, घोड्याची शेपूट विंचरलेली असावी, आणि परीक्षकाशी आपण होऊन बोलू नये. मी दोन संध्याकाळी डिक्शनरी घेऊन बसले. आपल्याकडं हातमोजे घालून कोणी तट्टू धरलं तर तट्टूच घाबरेल, म्हणून ‘हात स्वच्छ असावेत’ एवढंच ठेवलं. बुटांच्या जागी ‘पायात काही असल्यास ते दोन्ही पायांत सारखं असावं’ असं लिहिलं. मूळ कागदात सहावा नियम वयाचा होता, अठरा पूर्ण झालेल्यांनी भाग घेऊ नये. अकरावा नियम मला फार आवडला. तो असा, की जो हरेल त्यानं जिंकणाऱ्याचं मोकळ्या मनानं, हसतमुखानं अभिनंदन करावं. तो मी लाल शाईनं लिहिला.

दोन गोष्टी मात्र मी माझ्या मनानं घातल्या. सहाव्या नियमात ‘वयाचा पुरावा आणावा’ असे शब्द जोडले आणि शेवटी एक नियम नवा केला, ‘नाव नोंदवताना सही स्वतःच्या हातानं करावी.’ शिस्तीच्या दृष्टीनं ते बरं दिसतं. (भाऊ, ठसका. जाईला सही येत नव्हती आणि तिच्याकडं कसलाही दाखला नाही. ती आखाडात जन्मली, मी त्याच साली पोळ्याच्या आठ दिवस आधी, एवढंच घरी माहीत आहे. नियम लिहून झाल्यावर मी तो फलक तीनदा वाचला आणि मला अगदी छान झोप लागली. सकाळी उठले आणि चौथ्यांदा वाचला. उद्या कोणी म्हणालं की मास्तरीणबाईनं बहिणीला अडवायला नियम केला, तर? आणि ते खरंच असलं, तर?) म्हणून त्याच दिवसापासून मी जाईला रोज संध्याकाळी शिकवायला बसवलं. जाई पाटीवर पेन्सिल अशी दाबायची की ती मोडायची, पण तीन आठवड्यांत ती ‘जाई’ लिहायला लागली, मग ‘बिजली’, मग ‘काका’, मग बाराखडी, आणि आता दिसेल तिथं अक्षरं जुळवत बसते. जोडाक्षरं अजून येत नाहीत. शिकवणं हे माझं कर्तव्यच होतं. (इतकी हुशार निघेल असं वाटलं नव्हतं. तेही एक.)

नाव नोंदवायच्या दिवशी आम्ही दोघीही गेलो. आईनं सांगितलं होतं की दोघींची नावं द्या, ज्याचं लागलं त्याचं. टेबलाशी नत्थुजी, आमचे हेडमास्तर आणि पोलीस पाटील महादेवराव बसले होते. पाटलांनी आधी विचारलं, “पोट्ट्या कवापासून घोडे दाखवाले लागल्या?” मी फलकाकडं बोट केलं. तिथं मी ‘मुले’ न लिहिता ‘मुले-मुली’ लिहिलं होतं. जाईची पाळी आली. पुरावा काय, म्हणून नत्थुजींनी विचारलं. जाई म्हणाली, “पुरावा मी सवता हावो. मोजा.” पाटील हसले आणि म्हणाले, गारपिटीच्या सालची पोरगी, सतरा संपून अठरावं लागलं, लिहा, मी सांगतो. पाटलाचा शब्द म्हणजे पुरावा, असं नत्थुजी म्हणाले. मग जाईनं जीभ बाहेर काढून सही केली, आणि टेबलावरच्या तिघांनी ती सही अशी पाहिली जणू बिजलीनंच केली आहे.

माझी पाळी आली. मी शाळा सोडल्याचा दाखला नीट घडी करून नेला होता. माझ्याजवळ पुरावा आहे याचा मला अभिमान होता, हे कबूल करते. नत्थुजींनी तो उलगडला, चष्मा वर केला आणि म्हणाले, जन्म एक जुलै बेचाळीस, म्हणजे अठरा पूर्ण होऊन सात महिने झाले, बसत नाही.

बाबा, आता तुम्हीच आठवा. मला पहिलीत घालायला नेलंत तेव्हा मास्तरांनी वय विचारलं होतं. सहा झाल्याशिवाय घेत नाहीत असं कोणीतरी तुम्हाला सांगितलेलं, आणि मी पाचाची. तुम्ही म्हणालात, “साहा लिवा गुरुजी, पोरीले घाई हाये.” मास्तरांनी सहा लिहिलं आणि तारीख एक जुलै टाकली, जी वर्गातल्या निम्म्या पोरांची होती. तेव्हापासून कागदावर मी बेचाळीसची आहे आणि घरी त्रेचाळीसची. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण ज्याला दोन वयं असतात तो कधी कधी नको तिथं चुकीचं घेऊन जातो. जाईपेक्षा मी लहान. पण ती शिकली नाही म्हणून लहानच राहिली आणि मी शिकले म्हणून मोठी होऊन बाद झाले.

पाटील चांगला माणूस. म्हणाला, “मैनाबी त्याच सालची, मले मालूम हाये, दोघीईचं बारसं म्या खाल्लं. लिवा सतरा.” नत्थुजींनी लेखणी उचलली. आणि बाजूला हेडमास्तर बसलेले, ज्यांनी मागच्या वर्षी अठरा पूर्ण पाहूनच मला नोकरीवर घेतलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, पाटीलकाका, तुमची काही चूक होते आहे, माझे अठरा पूर्ण आहेत. आणि दाखला पुन्हा घडी करून ठेवला. (सतरा म्हटलं तर नोकरी खोटी, अठरा म्हटलं तर आई खोटी. भाऊ, तुम्ही तोलमापातले म्हणून विचारते, एक वर्ष लबाडीनं मोठं राहून मुलांना ‘खोटे बोलू नये’ हा धडा शिकवला तर तो धडा लागू होतो का? उत्तर बाबांकडून नको, तुम्हीच कळवा.)

मग मंगळवार. नाव बाद झालं तरी नत्थुजींनी मला रिंगणात यादी धरायला उभं केलं होतं. सात तट्टवं होती. सगळ्यांत देखणा रामरावांच्या मुलाचा पांढरा घोडा, त्याच्या शेपटीला फीत. आपली बिजली कशी दिसते ते तुम्हाला माहीतच आहे. परीक्षक म्हणजे अमरावतीचे ढोरांचे डॉक्टर. जनावरानं मालकाच्या बाजूला पाच मिनिटं न हलता उभं राहायचं, ही मुख्य परीक्षा. लाउडस्पीकरचा भोंगा सुरू झाला तसा पांढरा घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि फितीसकट चिंचेखाली गेला. बाकीचीही नाचायला लागली. आणि बिजली? ती जाईला ओढत सरळ डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली, कूस त्यांच्याकडं केली आणि डोळे अर्धे मिटले. कारण डॉक्टरांच्या तोंडात पान होतं. बाबा, तुम्ही तिला इतकी वर्षं मळ्यातल्या विड्याच्या पानांच्या करंड्या लादून ठेल्याठेल्यावर नेलंत. जिथं पानाचा वास, तिथं करंडी उतरेपर्यंत हलायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिले, दात पाहिले, कान ओढला. ती खांबासारखी. करंडी उतरवायची वाट पाहत होती.

चौथा नियम आहे की जनावर परीक्षकापासून चार हात दूर असावं. मी यादी घेऊन पुढं गेले आणि नम्रपणे सांगितलं की डॉक्टरसाहेब, नियमाचा भंग होतो आहे. (नम्रपणे नाही. धावत गेले.) ते म्हणाले, “अहो बाई, नियम पोरांसाठी आहेत. घोडीनं कुठं वाचले?” सगळे हसले. जाई हसली नाही. ती माझ्याकडं पाहत राहिली. पहिला नंबर बिजलीचा. बक्षीस म्हणून जाईला फाउंटन पेन मिळालं, कारण भाग घेणारे सगळे शाळेतले असतील असं समितीनं धरलं होतं.

आता अकराव्या नियमाची अडचण. मी भाग घेतला नव्हता, तेव्हा हरलेही नव्हते, तेव्हा तो मला लागू नाही असं मी चिंचेखाली उभी राहून ठरवलं. पण लाल शाईनं मीच लिहिला होता. शेवटी गेले आणि म्हणाले, जाई, मी तुझं मोकळ्या मनानं, हसतमुखानं अभिनंदन करते. ती म्हणाली, “काहून वं, ताप आला का तुले?” मग पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली की मला याचं टोपण उघडता येत नाही. हे पत्र त्याच पेनानं लिहिते आहे. शाई माझी आहे, पेन तिचं, हे स्पष्ट असावं.

तर जयंतीला दोरी नियमाप्रमाणे जाईच्याच हाती येते आणि मला त्याचं काही वाटत नाही. (वाटतं.) बिजलीवर माझाही जीव आहे. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी तिला गुळाचा खडा देते, स्वच्छतेच्या दृष्टीनं थोड्या अंतरावरून. एवढंच लिहायचं होतं. वडीलधाऱ्यांना जयभीम, जिनात जपून राहावं.

तुमची मुलगी,
मैना

ता. क. जयंतीला तुम्ही येणार तेव्हा दोरी कोणाच्या हाती द्यायची हे पुन्हा ठरवायचं असेल, तर तुमचा अधिकार आहे. मी सुचवत नाही.

ता. क. दुसरा. अकोल्याहून घुंगरांचा पट्टा आणावा, बिजलीसाठी. शक्य झाल्यास तिच्या पाठीवर मला एकदा बसवावं, पथ्रोटपर्यंत नको, पानठेल्यापर्यंत. (भाऊ, हे मोठ्यानं वाचायचं की नाही, ते मी तुमच्यावर सोडते.)

ता. क. तिसरा. मला लिहिताना पुटपुटायची खोड आहे असं आई आत्ताच म्हणाली. काळजी नाही, इथं फक्त जाई आहे. बिजलीच्या गवताला मी जाते, तेव्हा पाकीट आणि पेन तिच्याजवळ ठेवते. ती टपालात टाकील.

काका मी जाई. हे मी लिवलं.
ओमपरकाशभाऊ कमानीतलं सारं मोठं वाचा. तेच खरं हाय. बाकी शाळेवानी हाय.
काका दोरी मैनाले देजा. तिले बिजलीचा भेव वाटते. सांगत नाही.
मी संगं चालतो.