मेंदूतला खुराक आणि कोकरांचं टॉनिक

चि. ऋतुजा हिला कुंभारीहून बिरप्पामामाचे पोटभर आशीर्वाद. आमी सगळी बरी हाय. तू पुण्यात वेळेवर जेवतीस का? तुझ्या प्रयोगशाळेतले उंदीर तर जेवतच असतील.

तर माझ्या उजव्या हाताची थरथर. मेंढरू थरथरलं की आमी जनावरांच्या डॉक्टरकडं पळतो, म्हणून मी पण आधी तिकडंच गेलो. त्यानं मला दोन पायांचा बघून शहरात सात रस्त्याला मेंदूच्या डॉक्टरकडं धाडलं. (तितं खुर्च्या लई मऊ हायत. नंबर येईस्तोवर माझी एक झोप झाली.) त्यांनी पार्किन्सन सांगितला, म्हणजे डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरायल्यात. मग तू फोनवर म्हणालीस की पेशींना जगवणारे वाढीचे घटक मेंदूतच बनत्यात, आणि पेशी मेल्या की ते कुटं कमी होत्यात, तर कुटं शेजारच्या पेशी काही दिवस जास्तच बनवत्यात. तवापासून माझं डोकं त्यातच हाय. शेजाऱ्याला खबर देतं कोण? आमच्यात एक मेंढी मेली तर दुसरी तिच्या कोकराला सहजासहजी पाजत न्हाई, धरून पाजावं लागतं. मेंदूत धरायला कोण बसलंय?

एवढा विचार करून मी कोकरांच्या वाढीचं टॉनिक दोन झाकणं घेतलं. चव गुळमट होती. पुढचा तपशील मामानं भाचीला लिहिणं शोभत न्हाई, पण शेजारच्या रत्नम्माचा तांब्या अजून आमच्याकडंच हाय.

तुझी मामी म्हणते, हातात कातर ठरत न्हाई तर मेंढ्या ठेवायच्या कशाला? परवा लोकर कातरताना एकीच्या कानाचा तुकडा गेला (लहानसाच, मेंढीनं मनावर घेतलं न्हाई). मामीनं घेतलं.

तुझा,
बिरप्पामामा

ता. क. : व्यायामानं ते घटक वाढत्यात असं तूच बोललीस की. तर मामीला फोन करून सांग, लोकर कातरणं हा लई चांगला व्यायाम हाय. जरा डॉक्टरीणबाईच्या आवाजात सांग.

दुसरा ता. क. : रविवारच्या आत सांग. सोमवारी व्यापारी मेंढ्या बघायला येतोय, आणि मेंढ्या गेल्या तर मी दिवसभर करू काय?

तिसरा ता. क. : मामीला सांगून झालं की मला निराळा फोन कर, आणि ते घटक खरंच वाढत्यात का ते सांग. मी भ्यालोय, पण मला कळायला पायजे.