बरणीतला सॅलमँडर

४ जानेवारी १९९४
शालान्त परीक्षेत केंद्रात पहिली आलेली मी, कॉलेजात दोन वर्षे मुकी बसले आहे. यापुढे माझी चित्रे बोलतील. प्राणिशास्त्राच्या प्रदर्शनासाठी सॅलमँडर व ॲक्सोलॉटल हे पालीसारखे दिसणारे उभयचर काढणार. पहिला क्रमांक गृहीत धरण्यास हरकत नसावी.

७ जानेवारी, दुपारी
लॅबमधील बरण्यांसमोर तीन तास. सॅलमँडर संपूर्ण खाकी. पुस्तकात मात्र काळ्यावर पिवळे ठिपके. छापखान्याची अतिशयोक्ती! ॲक्सोलॉटलचे कल्ले मानेला ओल्या मफलरसारखे चिकटलेले. तसेच काढले. सत्याशी तडजोड नाही.

८ जानेवारी
बरण्या सांभाळणारे काशीनाथमामा म्हणाले, "बाय, औषधान रंग जातो गो. बारा वर्सां हाय तो बरणीन." मी नम्रपणे हसले. मामांचे शिक्षण सातवीपर्यंत.

१२ जानेवारी
माझी एकमेव मैत्रीण रश्मी हीदेखील सॅलमँडरच काढतेय! पुस्तकावरून. वर मलाच म्हणते, "वैजू, रंग बदल ना यार, अजून टाइम आहे." मत्सर. खाकीचा आणखी एक हात दिला.

१५ जानेवारी
आई म्हणाली, "हळदीकुंकवाला बायका यायच्यात, ती पाल आधी भिंतीकडे तोंड करून ठेव." बाबांनी मात्र चित्र दोनदा पाहिले. घरात कलेची जाण एकालाच.

२१ जानेवारी
ॲक्सोलॉटल परत आले. सॅलमँडर घेतले! प्राणिशास्त्राच्या मॅडम ते रश्मीच्या चित्राशेजारी लावणार आहेत. तुलनेत बिचारीचे हसे होईल. मी तिला आगाऊ क्षमा केली आहे.

२२ जानेवारी
रश्मीच्या झगझगीत सॅलमँडरखाली चिठ्ठी : 'जिवंत'. माझ्याखाली : 'मृत, बरणीत बारा वर्षांनंतर'. दोन्ही चिठ्ठ्यांवर रश्मीचे अक्षर. पहिला क्रमांकही तिलाच.
मी जाब विचारला. म्हणाली, "अगं, मॅडम तुझं घेतच नव्हत्या! मीच आयडिया दिली, दोन्ही शेजारी लावू म्हणून. थँक्यू तरी म्हण."
विश्वासघात करून वर आभारांची अपेक्षा! मी बोलणे सोडले. (दोन वर्षांत माझ्याशी बोलणारी तीच एक होती, ही गोष्ट अलाहिदा.)
एवढ्यात बाबा आले. पेणकरपाड्याहून सुगंधाआत्यालाही घेऊन. भर गर्दीत बोट दाखवून अभिमानाने म्हणाले, "ते नाही गं, ते जिवंत आहे! त्याच्या बाजूचं मेलेलं, ते आपल्या वैजूचं!"
मी त्यांना ओळखत नसल्याप्रमाणे पुढचा बेडूक पाहू लागले.